पालो आल्टोची रोजकीर्द

बँकेत मी चौतीस वर्षे कारकुनी केली. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढच्या मजकुराला कारकुनीचा वास आला तर वाचकांनी नाक मुरडू नये. मी नोकरीला लागलो तेव्हा संध्याकाळी रोजकीर्द जुळली की दिवस संपत असे. न जुळली तर पन्नास पैशांच्या फरकासाठी सगळी शाखा रात्री नऊपर्यंत कागद उपसत बसे. पन्नास पैसे खिशातून टाकून मोकळे व्हा, असे एखादा नवखा पोरगा हमखास म्हणे, आणि हेडकॅशियर त्याच्याकडे असे पाही की त्याने जणू देवापुढचा नारळ मागितला आहे.

माझी नात बंगळूरला एका कंपनीत आहे. मोबाइलवरून पैशांची देवघेव करून देणे हा त्या कंपनीचा धंदा. ती नोकरीला लागली तेव्हा कंपनीतली सगळी माणसे एका दिवाणखान्यात मावत होती. आता वरच्या मजल्यावर कोण बसते ते तिला ठाऊक नसते. एकदा मी तिला विचारले, "तुझ्या हापिसात दिवसभर असते तरी काय ग?" ती म्हणाली, "आजोबा, सांगायला वेळ मिळाला की सांगेन." तो वेळ तिला दोन वर्षांत मिळालेला नाही. म्हणून म्हटले, आपणच शोधावे. या धंद्यातली जुनी म्हणावी अशी कंपनी कोणती, तिच्यात पहिली माणसे कशी राबली, याचा मागोवा घेऊ लागलो, आणि येऊन पोहोचलो तो कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी. 'पेपाल' या नावाने पुढे जगभर ओळखली गेलेली कंपनी तिथे वाढली. जुनी म्हणजे केवढी, तर १९९८ सालची. आमच्या घरातला पाटा-वरवंटा तिच्या पणजोबाच्या वयाचा निघेल. पण या धंद्यात पंचवीस वर्षे म्हणजे पेशवाई.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मॅक्स लेव्हचिन नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा पालो आल्टोला आला. जन्म कीव्हचा, सोव्हिएत संघ कोसळत असताना, १९९१ साली, आईवडिलांबरोबर शिकागोला आलेला, इलिनॉय विद्यापीठात संगणकशास्त्र शिकलेला. राहायला मित्राची खोली, आणि खोलीत उकाडा. म्हणून तो थंडगार हवेच्या लोभाने स्टॅनफर्ड विद्यापीठात एका व्याख्यानाला जाऊन बसला. व्याख्याता होता पीटर थील, वयाने त्याच्याहून आठेक वर्षांनी मोठा आणि परकीय चलनांच्या उलाढालीत मुरलेला. श्रोते मूठभर. व्याख्यान संपल्यावर दोघे बोलले, पुन्हा भेटले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये कंपनी उभी राहिली. तिचे नाव पुढे 'कॉन्फिनिटी' असे झाले. उकाडा नसता तर काय झाले असते, असले प्रश्न इतिहासकाराने विचारू नयेत म्हणतात. मी इतिहासकार नाही, म्हणून विचारतो.

कंपनी काय करणार, हे तिचे तिलाच नीट ठाऊक नव्हते. त्या दिवसांत तळहातावर मावणारे 'पाम पायलट' नावाचे टिपणयंत्र तिकडच्या साहेबलोकांच्या खिशात असे. एका यंत्राने दुसऱ्याकडे तोंड केले की अदृश्य किरणांनी मजकूर या खिशातून त्या खिशात जाई. तसेच पैसे का जाऊ नयेत, असे या मंडळींच्या मनात आले. जुलै १९९९ मध्ये वुडसाइड गावच्या बक्स नावाच्या खाणावळीत, वार्ताहरांच्या समोर, भांडवल देणाऱ्यांनी खरोखरीच तीस लाख डॉलर अशा रीतीने एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवले. खोटे नाटक करून भागले असते. पण लेव्हचिनचा हट्ट, की गुप्तलेखनाचे सगळे गणित खरे चालले पाहिजे. त्यासाठी तो आणि त्याचे सोबती आदल्या काही रात्री झोपलेच नव्हते. पैसे पोहोचले, टाळ्या झाल्या, आणि लेव्हचिनने त्याच टेबलावर डोके टेकले. जाग आली तेव्हा खाणावळ रिकामी झाली होती, शेजारी एक ऑम्लेट निवत पडले होते आणि मंडळी निघून गेली होती. ही हकीकत त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितली आहे. मला या कंपनीचा सगळा इतिहास त्या निवलेल्या ऑम्लेटात दिसतो. उठवायलाही कोणाला सवड नव्हती, की उठवू नये एवढी माया होती? माझ्या नातीच्या कचेरीबद्दलही मला हा उलगडा अजून व्हायचा आहे.

माणसे कशी जमवली हेही ऐकण्यासारखे आहे. थीलने स्टॅनफर्डचे आपले दोस्त आणले, लेव्हचिनने इलिनॉयचे. कोकणातला एक जण परळच्या गिरणीत लागला की वर्षभरात त्याच्या वाडीतले दहा जण त्याच खात्यात दिसू लागत, तसाच प्रकार. जाहिरात, अर्ज, लेखी परीक्षा, या वाटेने मी आलो. मला प्रथम हे बरे वाटले नाही. परंतु रात्री दोन वाजता शेजाऱ्याची चूक त्याला तोंडावर सांगायची तर तो आधीचा मित्र असलेला बरा, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्यात बँकेचा अनुभव असलेले लोक फार थोडे होते. अनुभवी माणूस 'हे होणार नाही' म्हणायला पहिला, ही भीती! आणि प्रामाणिकपणे सांगतो, ती भीती खरी होती. मी तिथे असतो तर पहिल्याच दिवशी म्हणालो असतो.

खिशातून खिशात पैसे पाठवण्याची कल्पना फारशी चालली नाही. तिच्या जोडीला, केवळ नमुना म्हणून, ई-मेलने पैसे पाठवायची एक सोय त्यांनी संगणकाच्या जाळ्यावर ठेवली होती. लोक तिच्यावरच तुटून पडले. हे लोक कोण? तर 'ईबे' नावाच्या लिलावाच्या बाजारात जुन्या बाहुल्या, नाणी, कपबशा विकणारे घरगुती विक्रेते. धनादेश टपालाने यायचा, वटायचा, मग वस्तू रवाना व्हायची, यात त्यांचा आठवडा-दीड आठवडा जाई. ही सोय त्यांना देवाने धाडल्यासारखी वाटली. आणि पालो आल्टोची मंडळी? ती चक्क वैतागली. हे कोण लोक, यांना आवरा, असा विचार काही काळ चालला होता, हे लेव्हचिननेच कबूल केले आहे. गिऱ्हाईक दारात उभे आणि दुकानदार म्हणतो, तुमच्यासाठी नाही हो हे दुकान! अखेर दुकानदार शहाणा झाला.

गिऱ्हाईक वाढवण्याची त्यांची युक्ती मात्र हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखी होती. ज्याला पैसे पाठवले त्याला पत्र जाई की तुमचे पैसे आले आहेत, खाते उघडा आणि घ्या. म्हणजे पैसे पाठवणारा हाच फुकटचा प्रचारक. त्यावर बक्षीस: नवे खाते उघडणाऱ्याला दहा डॉलर आणि त्याला आणणाऱ्यालाही दहा. त्याच गावात, त्याच युनिव्हर्सिटी अव्हेन्यू रस्त्यावर, ईलॉन मस्क या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या तरुणाने १९९९ मध्येच 'एक्स डॉट कॉम' नावाची कंपनी काढली होती. ती नव्या खातेदाराला वीस डॉलर वाटू लागली. दोन्ही कंपन्या काही पावलांच्या अंतरावर बसून एकमेकींच्या वर दौलतजादा करीत होत्या. कॉन्फिनिटीत तर खात्यांचा आकडा पडद्यावर सारखा दाखवणारी एक छोटी चौकट होती. तिचे नाव 'जागतिक वर्चस्वाचा निर्देशांक'. बाविशीतली पोरे ती. नाव ठेवताना हात आखडता घेत नाहीत.

२००० सालच्या आरंभी खातेदार रोज शेकडा सातच्या आसपास वाढत होते. शेकडा सात वर्षाला म्हटले तर आमच्या वेळच्या ठेवीचे व्याज; हे दिवसाला होते. गणित करून पाहा, दर दहा दिवसांनी दुप्पट होते. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, त्यात राजाची फजिती झाली म्हणून हसलो. इथे राजाच्या जागी ही पोरे होती, कोठारातले धान्य त्यांचे होते, आणि ती आनंदाने पुढच्या घरात दाणे टाकत होती.

आता इथे कारकुनाला बोलू द्या. पैसे पाठवणारा क्रेडिट कार्डाने पैसे भरी. कार्डवाले दर शंभर डॉलरमागे दोन-तीन डॉलर कापून घेत. गिऱ्हाइकाकडून सुरुवातीला कंपनी काहीच घेत नव्हती. म्हणजे जेवढा व्यवहार अधिक, तेवढा तोटा अधिक. लोक खात्यात पैसे ठेवतील आणि त्यांवरचे व्याज आपल्याला सुटेल, अशी त्यांची मूळ अटकळ. लोकांनी आल्या पावली पैसे काढून नेले. महिन्याचा तोटा एक कोटी डॉलरच्या आसपास गेला. मार्च २००० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना दहा कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. शेअरबाजार त्याच महिन्यात शिखरावरून घसरू लागला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर हे पैसे मिळाले असते का, ते देव जाणे.

आणि टेलिफोन! खात्यांची संख्या दहा दिवसांत दुप्पट होते म्हणजे तक्रारींचीही होते. 'माझे पैसे कुठे गेले' अशा पत्रांचा ढीग लाखाच्या घरात गेला. लोकांना कचेरीतले कुठले ना कुठले क्रमांक सापडत, आणि मग रात्रंदिवस प्रत्येक टेबलावरची घंटी वाजत राही. रीड हॉफमन हे तिथले एक वरिष्ठ अधिकारी. त्यांनी पुढे सांगितले आहे, की आम्ही टेबलावरच्या फोनच्या घंट्या बंद करून टाकल्या आणि स्वतःसाठी मोबाइल वापरू लागलो.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. आमच्या काउंटरवर शिव्या देणारे गिऱ्हाईक निदान समोर उभे असे. खिडकी लावायची तर त्याच्या तोंडावर लावावी लागे. पैसे लोकांचे घ्यायचे आणि घंटी बंद करायची, ही कुठली रीत? चार दिवसांनी पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा पुढचे वाचले. घंट्या बंद करून ते थांबले नव्हते. दोन हजार किलोमीटरहून दूर, नेब्रास्का राज्यात, ओमाहा नावाच्या शहरात त्यांनी माणसे नेमायला सुरुवात केली. टेलिफोनवरून गिऱ्हाइकांशी बोलण्याचा धंदा त्या शहरात आधीपासून होता. दोन महिन्यांत तिथे दोनशे माणसे कामाला लागली.

पेपालचा इतिहास सांगणारे ओमाहाला एखाद-दुसरे पान देतात. मला ती पाने अपुरी वाटली. पालो आल्टोची पोरे पडद्यावरचा आकडा वाढताना पाहत होती. ओमाहाची माणसे त्या आकड्यातल्या एकेकाचा आवाज ऐकत होती. एक कंपनी, एक पगारपत्रक, आणि दोन अगदी वेगळे दिवस. कंपनी मोठी झाली तेव्हा पालो आल्टोकडच्यांची नावे जगाला पाठ झाली. ओमाहाच्या माणसांची नावे मला कुठे आढळली नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या भाऊबंदकीत मी फार शिरत नाही. एकत्र झालेल्या कंपनीचा पहिला मुख्याधिकारी दोन महिन्यांत गेला, मस्क त्या जागी आले, संगणकाची कोणती पद्धत वापरायची यावरून दोन तट पडले, आणि सप्टेंबर २००० मध्ये मस्क परदेशप्रवासाला निघाले असताना इकडे संचालकांनी त्यांना बाजूला करून थीलना बसवले. असल्या कथा आपल्या पेशवाईच्या बखरींत पुष्कळ आहेत आणि अधिक रंगतदार आहेत.

खरा प्रसंग गुदरला तो चोरांमुळे. चोराची रीत अशी. कुणाच्या तरी क्रेडिट कार्डाचा आकडा चोरायचा. खोट्या नावाने खाते काढायचे. त्या कार्डावरून आपल्याच दुसऱ्या खोट्या खात्याला पैसे पाठवायचे. तिथून काढून पसार व्हायचे. कार्डाच्या खऱ्या मालकाला महिनाअखेरीस हिशेबाचा कागद मिळे. तो ओरडे. कार्डवाले त्याचे पैसे परत करीत आणि कंपनीकडून वसूल करीत. म्हणजे चोरी आज आणि तिची नोंद महिन्या-दोन महिन्यांनी.

इथे एक गोम आहे, ती मला कळायला दोन दिवस लागले. धंदा स्थिर असेल तर उशिरा येणारी नोंदही दिसते. पण धंदा दर दहा दिवसांनी दुप्पट होत असेल, तर दोन महिन्यांपूर्वीची चोरी आजच्या उलाढालीशी ताडून पाहणाऱ्याला ती चिमूटभर वाटते. शेकडा एकही भरत नाही, म्हणून तो निश्चिंत राहतो. वाढीचा वेग मंदावला की मग पाणी ओसरलेल्या विहिरीतल्यासारखे सगळे दिसू लागते. म्हणजे ज्या आकड्याकडे बघून ती पोरे खूश होत होती, तोच आकडा त्यांच्या डोळ्यांवर पडदा धरून उभा होता. रोलॉफ बोथा हा दक्षिण आफ्रिकेचा विमागणिती तिथे पुढे खजिन्याचा प्रमुख झाला. हा मनुष्य तिथे होता हे कंपनीचे भाग्य. विमेवाल्यांचा जन्मच मुळी आज घडलेल्या पण उद्या कळणाऱ्या नुकसानीचा अंदाज बांधण्यात जातो.

त्यातून ज्या युक्त्या निघाल्या त्यांतल्या काही आपण आज रोज वापरतो आणि त्या कुठल्या हे आपल्याला माहीत नसते. बक्षिसाच्या दहा डॉलरसाठी काही लबाड संगणकाकडूनच हजारो खाती उघडून घेत. त्यावर लेव्हचिन आणि डेव्हिड गॉसबेक यांनी वेडीवाकडी, रेघांच्या जाळीत अडकवलेली अक्षरे दाखवून 'ही वाचा' म्हणायची पद्धत बसवली. माणसाला वाचता येतात, यंत्राला त्या काळी येत नसत. अशी परीक्षा धंद्यात प्रत्यक्ष वापरणाऱ्या पहिल्या काही जागांपैकी ही एक. दुसरी युक्ती सुचवली सिटीबँकेत काम केलेल्या संजय भार्गव या भारतीय गृहस्थांनी. खातेदाराने सांगितलेले बँकखाते त्याचेच कशावरून? तर त्या खात्यात एक डॉलरहून कमी अशा दोन बारीक रकमा टाकायच्या, समजा पस्तीस सेंट आणि सात सेंट, आणि त्याला विचारायचे, किती आले? बँकेचा कागद ज्याच्या हाती, तोच सांगू शकणार. दोन रकमा मिळून चार आकड्यांची किल्ली झाली. बँकखाते असे जोडले गेले की कार्डवाल्यांचा दोन-तीन टक्क्यांचा काप वाचे, तो लाभ निराळाच. वाचकहो, आपल्या मोबाइलवर एखादी कंपनी खाते जोडताना बँकेत एक रुपया पाठवते आणि खातेदाराचे नाव ताडून पाहते. तो रुपया या सेंटांच्याच गोत्रातला. आमच्या शाखेत ओळख पटवायला जुना खातेदार सोबत आणावा लागे. त्या जुन्या खातेदाराची जागा सात सेंटांनी घेतली, याचे मला एकीकडे कौतुक वाटते आणि एकीकडे कसेसेच होते.

तिसरी युक्ती म्हणजे 'इगॉर'. एक रशियन चोर या नावाने त्यांना खिजवीत असे. त्याचेच नाव लेव्हचिनने चोर पकडणाऱ्या यंत्रणेला दिले. पैसा कुठून कुठे गेला याचे जाळे ती काढून दाखवी आणि माणसे त्यात नजर लावून बसत. लेव्हचिनला प्रथम वाटले होते की यंत्रच सगळे ओळखेल. तसे झाले नाही. यंत्राने बोट दाखवायचे आणि माणसाने ठरवायचे, यावर गाडी रुळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन पोलिसांनी खोट्या कंपनीत नोकरीचे आमिष दाखवून चेल्याबिन्स्कच्या दोन तरुणांना सिॲटलला बोलावले आणि धरले. त्यांनी लुबाडलेल्यांत पेपालही होती.

पण यंत्र बोट कोणाकडे दाखवी? एकदम पुष्कळ पैसे आलेल्या खात्याकडे. असे खाते चोराचे असते, आणि नाताळच्या आधी खूप माल विकणाऱ्या गृहिणीचेही असते. संशय आला की खाते गोठवायचे. पैसे आत, मालक बाहेर, आणि विचारावे तर फोन लागत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण बोलण्यात सहज वापरतो. तिच्यातला संन्यासी काय म्हणाला ते कोणी सांगत नाही. इथले संन्यासी कोर्टात गेले. २००२ मध्ये खातेदारांनी कॅलिफोर्नियात दावा लावला आणि २००४ मध्ये कंपनीने ९२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला.

या ठिकाणी मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. नाही तर मी दुसऱ्याच्या चुका मोजणारा ठरेन.

१९८३ सालची दिवाळी. वसुबारसेच्या आदल्या दिवशी एक बाई पैसे काढायला आल्या. साठीच्या पुढच्या, खाणावळीला पोळ्या लाटून देणाऱ्या. मुलीचा पहिला दिवाळसण होता. जावयाला द्यायच्या कपड्यांसाठी आणि अंगठीसाठी त्यांनी वर्षभर साठवले होते. पावतीवर त्यांनी सही केली ती नमुन्याच्या सहीशी जुळेना. मधल्या काळात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. अक्षरे पाण्यात पडल्यासारखी हलली होती. मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होतो. पण त्याच वर्षी आमच्याकडे खोट्या सहीने पैसे गेले होते आणि एका सहकाऱ्याच्या पगारातून वसुली चालू होती. मी म्हटले, "बाई, सही जुळत नाही. मॅनेजरसाहेब दौऱ्यावर आहेत. ते आल्यावर या." त्या म्हणाल्या, "अहो दादा, तुम्ही मला ओळखता ना?" मी म्हटले, "मी ओळखतो, पण कागद ओळखत नाही."

हे वाक्य मला त्या वेळी फार चतुर वाटले होते. मॅनेजर आले ते भाऊबीज उलटल्यावर. बाईंना पैसे मिळाले. नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नव्हते, कोणी मला जाब विचारला नाही. बाईंनी त्यानंतर खाते बंद केले. दिवाळसणाचे काय झाले ते मी विचारले नाही.

तेव्हा ओमाहाच्या त्या मुलीने फोन उचलून 'तुमचे खाते तपासणीखाली आहे' असे म्हटले, तर तिला मी काय म्हणून नावे ठेवू? तिच्यापुढे तर चेहराही नव्हता. चोराला सोडले तर कंपनी बुडते आणि तिची नोकरी जाते. प्रामाणिकाला अडवले तर त्याचा सण जातो, आणि कंपनीच्या वहीत तो तोटा कुठेच दिसत नाही. पैशाच्या धंद्यात राबणाऱ्याचा दिवस या दोहोंच्या मध्ये जातो, मग तो लाकडी काउंटरमागे असो वा पडद्यापुढे. फरक एवढाच की मी दिवसाला दोन-चार सह्यांवर थबकत असे, आणि जिथे धंदा दहा दिवसांत दुप्पट होतो तिथल्या माणसाला थबकायलाच वेळ नसतो.

पुढची हकीकत आनंदाची आहे, ती थोडक्यात आटोपतो. चोऱ्या आटोक्यात आल्या. व्यापारी खातेदारांकडून शुल्क घ्यायला सुरुवात झाली आणि बक्षिसे बंद झाली. फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनीचे शेअर १३ डॉलरने बाजारात आले, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये, ज्यांना आवरा म्हणत होते त्या लिलाववाल्या ईबेनेच दीड अब्ज डॉलर मोजून ती विकत घेतली. पोरे बाहेर पडली. कुणी यूट्यूब काढले, कुणी लिंक्डइन. मस्क अग्निबाणांकडे वळले होते. चार वर्षांत एवढे सगळे झाले. माझी चार वर्षांत एक बढती व्हायची, तीही व्हायची तर.

गेल्या दिवाळीत नात चार दिवस घरी आली होती. लक्ष्मीपूजनाची तयारी झाली. आमच्याकडे अजून पाटावर एक कोरी वही ठेवतात, तिच्यावर स्वस्तिक काढतात. मी हळदकुंकू घेऊन बसलो, सगळे जमले, आणि हिचा पत्ता नाही. आत जाऊन पाहतो तो खाटेवर लॅपटॉप, कानाला फोन. "आजोबा, दोनच मिनिटं. सणाची गर्दी आहे, काही खाती यंत्रानं अडवली आहेत. माणसानं बघितल्याशिवाय सुटत नाहीत." घरच्यांना राग आला. मी म्हटले, थांबू या.

दोन मिनिटांची चाळीस झाली. समईत दोनदा तेल घालावे लागले. ती आली, पाटाशी बसली, वहीवर अक्षता टाकल्या.

मी विचारले, "कुणाचे ग अडकले होते?"

"माहीत नाही आजोबा. मला नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. साडीचं दुकान असावं, एकदम फार पैसे आले होते."

"मग?"

"बघितलं नीट. दर दिवाळीला येतात त्यांना. सोडलं."

मी तिच्या हातावर लाह्याबत्तासे ठेवले. तिने ते तोंडात टाकले, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, आणि ती तशीच उठून आत गेली.